सांगलीचं घर बंद करून लांबच्या भटकंतीला निघताना
सहा-आठ महिने सॅक पाठीला लावून परदेशी फिरायचं ठरलंय आणि घर गावभागात, नदीच्या अंगाला आहे? मग सॅक नंतर भरा, आधी घर आवरा. मध्ये जुलै-ऑगस्ट, म्हणजे पुराचे दिवस, येऊ शकतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा तळमजल्यावरची कागदपत्रं, गाद्या, फ्रीज आत्ताच वरच्या मजल्यावर नाहीतर उंचावर राहणाऱ्या पाहुण्यांकडे हलवा. ‘माळ्यावर टाकलं की झालं’ यावर भरवसा नको. मेन स्विच बंद करा, सिलिंडरचा रेग्युलेटर काढा, किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या. वेळ आली तर कुलूप तोडावं लागणार नाही.

बँकेचा ओटीपी येतो त्या नंबरचं रिचार्ज आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच चालू करून घ्या. तिकडून करायला गेलात, तर त्यालाही ओटीपीच मागतील!

पासपोर्टचं तेवढं बघा: बरेच देश किमान 6 महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. हिशेब पहिल्या देशाचा नको, शेवटच्या देशात शिराल त्या तारखेचा धरा.