युजरचा बफर ऑप-टीपर्यंत नेताना

ऑप-टी (OP-TEE) ही चिपच्या सुरक्षित भागात, म्हणजे सिक्युअर वर्ल्डमध्ये, लिनक्सपासून वेगळी चालणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम. माझ्या पहिल्या ड्रायव्हरमध्ये मी युजर प्रोग्रॅमच्या बफरचा व्हर्च्युअल पत्ता (जो त्या प्रोग्रॅमपुरताच खरा असतो) तसाच तिकडे धाडला होता. तिथे त्याला अर्थच नसतो. लागतात फिजिकल पत्ते, म्हणजे मेमरीतल्या खऱ्या जागा.

आधी पत्ता अधिक लांबी ही बेरीज ओव्हरफ्लो होत नाही ना ते बघा. मग बफरची पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) पिन करा, म्हणजे जागेवर अडकवून ठेवा, नाहीतर कर्नल ती मध्येच हलवेल. पानं सलग नसतात, म्हणून त्यांच्या पत्त्यांची यादी द्यायची: ४०९६ बाइटच्या यादी-पानात ५११ पत्ते, शेवटी पुढच्या यादी-पानाचा पत्ता. पहिल्या पानातला ऑफसेट (बफर त्या पानात नेमका कुठून सुरू होतो ते) विसरू नका, माझे दोन दिवस त्यातच गेले.

आणि हे फार महत्त्वाचं: सिक्युअर बाजूकडे बफर रजिस्टर केल्यावरही, म्हणजे त्याची नोंद झाल्यावरही, युजर त्या बफरमध्ये लिहू शकतो! ट्रस्टेड ॲपने (ऑप-टीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमने) बफरमधली लांबी स्वतःच्या मेमरीत कॉपी करून मगच तपासावी. पिन सोडायची ती सिक्युअर बाजूने नोंद काढल्यावरच.