उन्हाळ्यातलं घरचं ताक: विरजणापासून मसाला मज्जिगेपर्यंत

एप्रिल लागला की आमच्या बेळगावात घरोघरी ताक, म्हणजे कन्नडमधली मज्जिगे, सुरू होतंय, पण हल्ली बरेच जण फ्रीजमधलं दही घेतात, त्यात बर्फ, पाणी आणि पाकिटातला मसाला टाकून मिक्सर फिरवतात आणि झालं ताक म्हणतात. पिता येतंय, नाही असं नाही, पण थोड्या वेळात खाली पाणी आणि वर चोथा होऊन बसतंय आणि पोटही जड वाटतंय. ताकाची चव निम्मी तरी आदल्या रात्रीच्या विरजणात ठरते आणि उरलेली घुसळण्यात, मसाला सगळ्यात शेवटी. म्हणून मी दुधापासूनच सांगते.

दूध कुठलं घ्यायचं? गवळ्याकडचं म्हशीचं मिळत असेल तर तेच घ्या, त्यात साय भरपूर असते, स्निग्धांश 6-7 टक्के तरी असतोच, म्हणजे लोणीही निघतं आणि ताकही निघतं. कर्नाटकातल्या सहकारी डेअरीच्या नंदिनी दुधाचं निळं पाकीट घेतलं तर ते टोन्ड दूध, 3 टक्केवालं, त्याचं ताक छान होतं पण लोण्याची आशा धरू नका. दूध उकळून घ्या, मंद गॅसवर आणखी पाच मिनिटं राहू द्या आणि मग कोमट होऊ द्या. कोमट म्हणजे करंगळी बुडवली तर ऊब लागली पाहिजे पण चटका बसता कामा नये, साधारण 40 डिग्री. यापेक्षा फार गरम दुधात विरजण घातलं तर दही लावणारे जिवाणूच मरतात आणि सकाळी भांड्यात दूध तसंच दिसतं, आणि एकदम गार दुधात घातलं तर दही तार सुटल्यासारखं बुळबुळीत होऊ शकतं.

एक लिटर दुधाला उन्हाळ्यात एक छोटा चमचा विरजण बास होतंय. थंडीत आपण मोठा चमचाभर घालतो, तोच हात उन्हाळ्यात चालवला की दही आंबट होणार म्हणजे होणारच. आणि विरजण स्वतः ताजं, गोडसर हवं, चार दिवसांचं आंबलेलं दही विरजणाला घेतलं तर पुढचं दहीही तसंच लागणार. आता मुख्य गोष्ट, वेळ. उकाड्यात दही 5-6 तासात लागतं, त्यामुळे संध्याकाळी सातला विरजण लावून सकाळी सातपर्यंत ओट्यावर ठेवायची सवय असेल तर ती उन्हाळ्यापुरती सोडा. झोपायच्या अगदी आधी लावा, सकाळी उठल्या उठल्या बघा आणि लागलं असेल तर लगेच फ्रीजमध्ये टाका. अथणी, रायबाग, गोकाक बाजूला ऊन आमच्यापेक्षा कडक, तिथं तर चार तासातच हात लावून बघायला लागतंय.

भांडं मातीचं मिळालं तर उत्तम. खानापूरची मडकी आपल्याकडं प्रसिद्ध आहेतच, तिथं कुंभारकामाचं सरकारी प्रशिक्षण केंद्रसुद्धा आहे, तिकडं जाणं झालं तर एक रुंद तोंडाचं, झाकणाचं मडकं दह्यासाठी वेगळं आणा. मातीत दह्याचं जास्तीचं पाणी मुरतं म्हणून दही घट्ट लागतं, आणि बाहेरून ते पाणी सुकत राहतं त्यामुळे भांडं गारही राहतं. नवं मडकं आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, ते पाणी टाकून द्या, नाहीतर मातीचा वास दह्याला लागतो. मडकं नसेल तर स्टील किंवा चिनीमाती चालते. पितळेच्या, तांब्याच्या भांड्यात आतून कल्हई नसेल तर दही-ताक बिलकुल ठेवू नका, आंबटपणामुळे धातू उतरतो, आणि अॅल्युमिनियमही नको.

आता घुसळणं. दही आणि पाणी दोन्ही गार पाहिजे, उन्हाळ्यात याच्याशिवाय लोणी जमत नाही, ते मऊ होऊन ताकातच विरघळल्यासारखं राहतं आणि मग ताक तेलकट लागतं. अर्धा लिटर दही उंच भांड्यात घ्या, पहिल्यांदा पाणी न घालता रवीने दोन-तीन मिनिटं घुसळा म्हणजे गाठी मोडतात, मग अर्धी वाटी माठातलं किंवा फ्रीजचं गार पाणी घाला आणि परत घुसळत राहा. फेस वर येतो, मग बारीक दाणे दिसायला लागतात, ते एकमेकाला चिकटून गोळा व्हायला लागले की थांबा. ओल्या हाताने लोणी काढून घ्या. मिक्सर वापरणार असाल तर एकसारखा फिरवू नका, दोन-तीन सेकंद फिरवून थांबायचं, परत फिरवायचं, कारण भांडं गरम होतं आणि त्या उष्णतेनं सगळं बिघडतं.

लोणी काढलेल्या त्या ताकात आता बाकीचं पाणी. जेवणाबरोबर भाकरीला हवं असेल तर एका वाटी दह्याला दोन ते अडीच वाट्या पाणी, आणि दुपारी उन्हातून आलेल्या माणसाला द्यायला चार वाट्यांपर्यंत पातळ करा, शेजारची कन्नड मंडळी नीर मज्जिगे, म्हणजे पाण्यासारखं पातळ ताक, करतात तसं. रामनवमीला पानकाबरोबर (गुळाचं सरबत) आणि कोसंबरीबरोबर (भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर) देतात ते हेच, आणि भर चैत्रात उभ्या उभ्या दोन ग्लास कसे जातात कळत नाही. पाण्याबद्दल एक सांगायचं राहिलं, उन्हाळ्यात नळाचं पाणी साठवून वापरायला लागतंय तेव्हा ताकाचं पाणी उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचंच घ्या, ताक आपण उकळत नाही ना. बाहेरचा बर्फ तर नकोच. गारपणा हवाच असेल तर थोडं ताक बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा आणि त्याच्या वड्या ग्लासात टाका, वितळलं तरी ताक पाणचट होत नाही.

मसाल्यात माझं मत ठाम आहे, पाकीट नको, खलबत्ता घ्या. एक लिटर ताकाला अर्धा इंच आलं, एक हिरवी मिरची, सहा-सात कढीपत्त्याची पानं, मूठभर कोथिंबीर देठासकट, एक चमचा भाजलेलं जिरं आणि चमचाभर मीठ, हे सगळं जाडसर कुटायचं. मीठ बरोबर घातलं की पानांचा रस लवकर सुटतो. मिक्सरमध्ये गंधासारखं वाटू नका, कोथिंबीर कडवट होते आणि ताकाला हिरवा रंग चढतो तो बघवत नाही. कुटलेलं ताकात घालून वीस मिनिटं झाकून ठेवा, मग गाळणीतून गाळा आणि चोथा हाताने दाबून काढा. आल्याचे धागे दातात आले की सगळी मजा जाते, म्हणून गाळणं टाळू नका. पुदिना घालायचा तर चार पानंच घाला, जास्त झाला की ताकाची स्वतःची चव मरते. घरात बीपीवाले असतील तर मीठ मसाल्यात न घालता ज्याच्या त्याच्या ग्लासात घाला, आणि काळं मीठ हेही मीठच आहे हे त्यांना सांगा.

फोडणी द्यायची की नाही यावर घराघरात वाद आहेत. मला आवडते, पण तेलाची. गार ताकात तुपाची फोडणी घातली की तूप लगेच थिजतं आणि ओठाला पांढरे कण लागतात, तुपाची फोडणी कढीला ठेवा. एक चमचा तेल, मोहरी तडतडली की हिंग, कढीपत्ता, हवी तर एक सुकी ब्याडगी मिरची मोडून, गॅस बंद करून मिनिटभर थांबा आणि मग ताकावर ओता. लग्नातल्या जिलेबीबरोबरच्या मठ्ठ्याला मात्र फोडणी नाही, तिथं चिमूटभर साखर घाला.

शेतावर जाणाऱ्यांसाठी नुसत्या ताकापेक्षा नाचणीची आंबील जास्त उपयोगाची, पोटाला आधार राहतो. दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ अर्धी वाटी पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, दोन वाट्या उकळत्या पाण्यात ओता, ढवळत पाच-सहा मिनिटं शिजवा. पूर्ण गार झाल्यावरच ताक आणि मीठ घाला, गरमात घातलं की ताक फाटतं. वर बारीक चिरलेला कच्चा कांदा. ज्वारीची कडक भाकरी मोडून ताकात भिजवली आणि बरोबर तळलेली सांडगी मिरची घेतली तर दुपारचं दुसरं जेवण लागत नाही.

आणि हे लक्षात असू द्या की ताक ताक आहे, औषध नाही. ऊन लागून कुणाला भोवळ आली, अंग तापलं, बोलणं विसंगत झालं तर ताक पाजत बसू नका, सावलीत घेऊन अंग ओलं करा, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

केलेलं ताक बाहेर दोन-तीन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चांगलं राहतं. मसाला आणि फोडणी लागेल तेवढ्यालाच लावा, बाकीचं साधंच ठेवा. साध्याचं दुसऱ्या दिवशी आंबट झालं तरी दोन चमचे बेसन, लसूण आणि गुळाचा खडा घालून कढी होते, मसाल्याचं केलेलं तसं वापरता येत नाही.