सॅसमध्ये तक्त्याला फॉरमॅट लावताना: वयोगट कुठे फसतात

सॅस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार फॉरमॅट (किंमत कशी दिसावी याचा नियम) लावणं एका ओळीचं काम आहे: तक्ता छापणाऱ्या प्रॉक प्रिंटमध्ये 'फॉरमॅट', पुढे रकान्याचं नाव, मग फॉरमॅटचं नाव आणि त्याला जोडून टिंब. तारखेच्या जागी ३६६ दिसत असेल तर घाबरू नका. सॅस १ जानेवारी १९६० पासून दिवस मोजतो, म्हणजे ती १ जानेवारी १९६१. 'डेट९.' लावा. रकमेला 'कॉमा' लावताना रुंदीत स्वल्पविराम, दशांशचिन्ह, उणे चिन्ह सगळं धरा, १,२३४,५६७.८९ ला १२ जागा लागतात.

खरी गोची प्रॉक फॉरमॅटने, म्हणजे स्वतःचा फॉरमॅट बनवायच्या आज्ञेने, गट पाडताना होते. '०-१७, १८-५९' असं लिहायला शिकवणं सरळ चुकीचं आहे. जन्मतारखेवरून काढलेलं वय १७.६ येतं, ते कुठल्याच गटात बसत नाही आणि तक्त्यात स्वतःची वेगळी ओळ घेऊन बसतं. सीमा अशा लिहा: लो-<१८, १८-<६०, ६०-हाय. 'लो' म्हणजे सर्वांत लहान किंमत, 'हाय' म्हणजे सर्वांत मोठी, आणि आकड्याआधी 'पेक्षा लहान'चं चिन्ह असेल तर तो आकडा गटात धरत नाहीत. आणि हे पक्कं ध्यानात ठेवा की फॉरमॅट फक्त दिसणं बदलतो. ५९.९६ ला '२.' (दोन जागा, दशांश नाही) लावलात तर कागदावर ६० दिसेल, पण गट मात्र साठच्या आतलाच.

'६०-हाय' ऐवजी 'अदर' (उरलेलं सगळं) तर कधीच लिहू नका. मी लिहिलं होतं. नोंदी मोजणाऱ्या प्रॉक फ्रीकच्या तक्त्यातून ज्येष्ठांची ओळच गायब झाली आणि खाली 'फ्रीक्वेन्सी मिसिंग' (रिकाम्या नोंदींची संख्या) यापुढे भलामोठा आकडा आला. अख्खा दिवस मी मूळ फाइल तपासत बसलो. फाइल स्वच्छ होती. कारण असं की 'अदर'मध्ये रिकामी वयंही शिरतात आणि एका गटात रिकाम्या व भरलेल्या नोंदी एकत्र आल्या, की प्रॉक फ्रीक तो सगळा गटच रिकामा धरतो. रिकाम्या वयाला, म्हणजे नुसत्या टिंबाला, स्वतंत्र लेबल द्या. 'अदर' ठेवायचाच असेल तर त्याचं लेबल 'तपासा' असू द्या.

पडताळणी न चुकता करा. वयाची दुसरी प्रत बनवा, तिला हा फॉरमॅट लावून सरासरी, किमान, कमाल काढणाऱ्या प्रॉक मीन्समध्ये क्लास (गट पाडणारा रकाना) म्हणून द्या आणि प्रत्येक गटात मूळ वयाचं किमान-कमाल काढा. सीमा चुकली असेल तर तिथेच दिसते.

फॉरमॅट वर्क या तात्पुरत्या लायब्ररीत ठेवला तर सत्र संपताच जातो. तो कायमच्या लायब्ररीत ठेवा, फॉरमॅट कुठे शोधायचे ते सांगणाऱ्या 'एफएमटीसर्च' पर्यायात तिचं नाव घाला आणि डेटा दुसऱ्याला देताना फॉरमॅट साठवलेली फाइल, म्हणजे कॅटलॉगही, सोबत द्या.