पाना हातात घेण्याआधी: डिझेल पिकअपच्या इंजिनाची तपासणी

डिझेल पिकअप सकाळी सुरू होईना किंवा चढावर ओढेना, की पहिला संशय इंजेक्टरवर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) नाहीतर डिझेल पंपावर घेतला जातो. दोन्ही भाग महाग, आणि अनेकदा दोघांचाही काही दोष नसतो. खरा बिघाड बॅटरीच्या टर्मिनलवर, तुंबलेल्या फिल्टरमध्ये किंवा सैल क्लिपखाली दडलेला असतो. म्हणून तपासणीची तयारी स्वस्त आणि हाताशी असलेल्या गोष्टींपासून करायची. क्रम मोडला की खर्च वाढतो.

बोनेट उघडण्याआधी वही काढा. त्रास थंड इंजिनाला होतो की गरम झाल्यावर, मोकळ्या गाडीत होतो की लोड असतानाच, हे लिहा. त्रास सुरू होण्याआधी गाडीत काय काम केलं होतं तेही लिहा. कालच फिल्टर बदलला असेल आणि आज सकाळी गाडी सुरू होत नसेल, तर शोध फिल्टरपासूनच सुरू करायचा. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनरने कोड वाचा, नोंदवा, आणि घाईने पुसू नका. कोड पडला त्या क्षणीचा आरपीएम, तापमान आणि लोड काही गाड्यांत साठवलेला असतो, तोही कोडबरोबर पुसला जातो. कोड आला म्हणजे भाग गेला, असंही नाही. उदाहरणार्थ, पी००८७ हा कोड एवढंच सांगतो की रेलमधला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक पाइपमधला, दाब कमी पडतोय. तो तुंबलेल्या फिल्टरने पडेल, डिझेलच्या लाइनने हवा धरल्याने पडेल, दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हने पडेल, आणि पंपानेही पडेल.

सामानात मल्टिमीटर, स्कॅनर, टॉर्च, काचेची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली, डिझेलला टिकणारी फूटभर पारदर्शक नळी, नवा डिझेल फिल्टर, चिंध्या आणि डोळ्यांना चष्मा हवा. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात चालू गाडीवर नोझलचे नट सैल करून कोणता सिलिंडर मिसिंग करतो ते बघायची पद्धत होती. कॉमन रेल, म्हणजे अशी सामाईक रेल असलेल्या इंजिनावर ती कधीही वापरू नका. तिथे दाब १,६०० बार, काही इंजिनांत २,००० बारच्याही वर जातो, आणि सुईइतकी बारीक धार कातडीत शिरते. वरून फक्त एक ठिपका दिसतो, पण आत डिझेल पसरलेलं असतं. असं झालंच तर दुखण्याची वाट न पाहता तडक दवाखाना गाठायचा.

आता बॅटरी. गाडी उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल मारताना ९.६ च्या खाली नाही, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. बॅटरी चांगली आणि तरी सेल्फ जड फिरत असेल, तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून कोणाला तरी सेल मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगची पट्टी गंजली किंवा सैल झाली असणार. डिझेल इंजिन हवेच्या दाबातून तयार होणाऱ्या उष्णतेवर पेटतं, त्यामुळे ते हळू फिरलं की पुरेसं तापतच नाही. थंडीत सुरू व्हायला वेळ लागत असेल आणि पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल, तर हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारे प्लग) तपासा. वायर काढून प्रत्येकाचा रोध मोजा. चांगला प्लग साधारण एक-दोन ओहमच्या आत दाखवतो, तुटलेल्यावर मीटर शून्य नाही, ओपन (OL) दाखवतो.

सगळ्यात जास्त वेळ डिझेलच्या वाटेवर द्या. आधी फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि बाटली दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी असेल तर ते खाली बसतं आणि मध्ये स्वच्छ रेघ दिसते. तळाशी काळा गाळ आला तर फक्त फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी धुवावी लागेल. मग टाकीकडून येणाऱ्या कमी दाबाच्या लाइनमध्ये पारदर्शक नळी जोडा आणि इंजिन सुरू करा. नळीत सलग डिझेल वाहायला हवं. सुरुवातीला एखाददुसरा बुडबुडा आला तर चालतं, पण बुडबुड्यांची माळ थांबतच नसेल तर गाडी हवा धरते आहे. ज्या लाइनमधून पंप डिझेल ओढतो, तिथे फटीतून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. त्यामुळे खाली थेंब नाही म्हणून लाइन ठीक, असं समजू नका. फिल्टरची रबरी रिंग, हातपंपाचा जोड आणि रिटर्नच्या (इंजेक्टरकडून उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) छोट्या नळ्या एकेक करून पाहा. सकाळी बराच वेळ सेल मारावा लागणारी, पण दिवसभर पटकन सुरू होणारी गाडी बऱ्याचदा इथेच सापडते. डिझेल मागे टाकीत उतरतं आणि रात्रभरात लाइन रिकामी होते.

हे सगळं बरोबर निघालं, तरच इंजेक्टरकडे वळा. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या मापाची बाटली लावून इंजिन आयडलवर चालवा. जी बाटली इतरांच्या मानाने फार लवकर भरते, तिचा इंजेक्टर आतून दाब सोडतोय. पीझो (विजेने आकार बदलणाऱ्या क्रिस्टलवर चालणाऱ्या) इंजेक्टरवर मात्र ही युक्ती करू नका, त्यांच्या रिटर्न लाइनला ठरावीक दाब लागतो.

गाडी ओढत नसेल आणि काळा धूर टाकत असेल, तर इंजिनाला हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जास्त जातंय. एअर फिल्टर पाहा, मग टर्बोपासून (हवा दाबून इंजिनात भरणारा भाग) इंटरकूलरपर्यंतची (ती हवा गार करणारी जाळी) रबरी पाइप खालच्या बाजूने चाचपा. तिथली चीर फक्त दाब वाढल्यावर उघडते, उभ्या गाडीत दिसत नाही, पण तिच्याभोवती तेलकट काळा डाग राहतो. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीने उघडा अडकला तरी हीच लक्षणं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत काळा धूर सहसा बाहेर येत नाही, त्यामुळे धूर नाही हा पुरावा धरू नका. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर आणि कुलंट कमी होत जाणं, हे हेड गॅस्केट किंवा ईजीआर कूलरचं काम. गाडी गरम होत असेल तर कुलंटची पातळी, पंख्याचा क्लच आणि रेडिएटरच्या जाळीतला कचरा बघा. झाकण इंजिन गार झाल्यावरच उघडायचं.

डिपस्टिक दोनदा बघा, कारण ऑइल कमी होण्याइतकंच वाढणंही वाईट. छोट्या छोट्या फेऱ्यांत डीपीएफची सफाई अर्धवट राहिली की त्यातली काजळी जाळायला जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळी खुणेच्या वर आणि ऑइलला डिझेलचा वास असेल तर ऑइल बदलेपर्यंत गाडी चालवू नका. तेच ऑइल हवेच्या वाटेने आत ओढलं गेलं तर इंजिन आपोआप रेस होतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. असं झालं तर मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं.

डिझेलऐवजी पेट्रोल भरलं गेलं असेल तर चावी फिरवूच नका. बऱ्याच गाड्यांत चावी नुसती ऑन केली तरी टाकीतला पंप सुरू होतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो.

काम झाल्यावर हातपंपाने हवा काढा, इंजिन सुरू करा आणि गळती पुठ्ठा धरून बघा, हाताने नाही. इंजेक्टर बदललाच तर त्यावर छापलेला कोड स्कॅनरने ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) भरून घ्या. बऱ्याच गाड्यांत तो न भरल्यास इंजिन खडखडतं, धूर टाकतं, आणि नवाकोरा इंजेक्टर खराब म्हणून परत जातो.