पंप घेऊनही धाप लागते? या चुका टाळा

"डॉक्टर, या पंपाने काहीच फरक नाही." दम्याचा किंवा सीओपीडीचा (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा) पेशंट असं म्हणाला की औषध बदलण्याआधी मी त्याला पंप माझ्यासमोर घ्यायला लावतो. पुष्कळदा औषध चांगलंच असतं, फक्त फुप्फुसापर्यंत पोचत नसतं. म्हणून तपासणीला येताना पंप सोबत आणा.

स्प्रेच्या पंपात घाई नडते. तो आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे. सावकाश श्वास आत घ्यायला लागताच दाबायचं आणि ओढत राहायचं. मग जमेल तसा १० सेकंद श्वास रोखायचा. बरेच जण आधी दाबतात, मग ओढतात. औषध घशालाच चिकटतं. हे जमत नसेल तर पंपाला स्पेसर, म्हणजे औषध आधी साठवून धरणारी पोकळ नळी, लावा. तो फक्त लहान मुलांसाठी नसतो.

कॅप्सूलमधली पावडर ओढायच्या रोटाहेलरचं उलटं आहे. तिथे श्वास जोरात आणि खोल ओढायचा, पण त्यात फुंकायचं मात्र नाही, ओलाव्याने पावडर चिकटते. पावसाळ्यात कॅप्सूलची डबी घट्ट लावून ठेवा. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात. त्यांना कोणी नीट दाखवलेलंच नसतं, आणि ही जबाबदारी आम्हा डॉक्टरांची आहे.

बरं वाटलं की रोजचा पंप बंद करणं ही दम्यातली सर्वांत महागात पडणारी चूक. धाप लागल्यावर घ्यायच्या सालब्युटामॉलच्या पंपाने श्वासनळ्या चार-सहा तास मोकळ्या होतात, आतली सूज तशीच राहते. ती उतरवतो रोजचा स्टेरॉइडचा पंप. "सवय लागेल" म्हणून तो टाळायचा आणि दुकानातून स्टेरॉइडच्या गोळ्या आणायच्या, हे तर फारच घातक. पंपाच्या एका मात्रेत साधारण २०० मायक्रोग्रॅम औषध असतं. २० मिलिग्रॅमच्या गोळीत २०,०००! पंपानंतर चूळ भरा, नाहीतर तोंडात बुरशी येते.

बिडी-सिगारेट न ओढताही सीओपीडी होतो. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बायकांची धाप वयावर ढकलू नका, स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, करून घ्या.

घरी ऑक्सिजन लावलेल्या सीओपीडीच्या पेशंटचं ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजणारं बोटाचं यंत्र) ९८ टक्के दाखवावं म्हणून मशीन वाढवू नका. अशा बहुतेकांना ८८ ते ९२ पुरतं. जास्त ऑक्सिजनने काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. पेशंट गुंगीत वाटला, असंबद्ध बोलू लागला किंवा एक वाक्यही सलग बोलू शकत नसेल, तर थेट हॉस्पिटल गाठा.