फुप्फुसाच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगावर पेप्टाइड लशीची चाचणी: चमूत नव्याने येणाऱ्यांसाठी

समन्वयक, संशोधन परिचारिका, औषधनिर्माता किंवा प्रयोगशाळेतला नवा संशोधक म्हणून अशा चाचणीवर पहिल्यांदाच काम करणार असाल, तर एक गोष्ट आधी मनात पक्की करा. पेप्टाइड लस म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे (पेप्टाइडं) टोचून टी पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, गाठ ओळखायला शिकवणारी लस. गाठ आटोक्यात आली नाही की सगळे म्हणतात, लस फसली. पण ती नेमकी कुठे फसली? टी पेशी तयारच झाल्या नाहीत, की तयार होऊनही गाठीपर्यंत पोचल्या नाहीत, की पोचल्या पण गाठीने तोवर स्वतःची ओळखच पुसून टाकली होती? पुढची लस कशी बनवायची हे या उत्तरावर ठरतं, आणि उत्तर मिळेल की नाही हे तुमच्या रोजच्या कामावर ठरतं. इमल्शन (तेल आणि पेप्टाइडच्या द्रावणाचं घोटलेलं मिश्रण) कच्चं राहिलं किंवा रक्त फ्रिजमध्ये ठेवलं गेलं, तर रुग्णाने दिलेला वेळ आणि सोसलेल्या सुया दोन्ही वाया जातात.

आधी एचएलए, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर पेप्टाइड धरून टी पेशींना दाखवणारे रेणू. ८ ते ११ अमिनो आम्लांचं छोटं पेप्टाइड पेशीवरच्या एचएलए वर्ग १ रेणूच्या खाचेत थेट बसतं आणि तिथून सीडी८ टी पेशींना (गाठीच्या पेशी मारणाऱ्या) दिसतं. ही खाच माणसागणिक वेगळी असते. ए*०२:०१ या एचएलए प्रकाराच्या (ए२ गटातल्या) खाचेला पेप्टाइडच्या दुसऱ्या जागी ल्यूसीन किंवा मेथिओनीन आणि शेवटी व्हॅलीन किंवा ल्यूसीन लागतं. ए*२४:०२ ला (ए२४ गटातल्या) दुसऱ्या जागी टायरोसीन किंवा फेनिलअ‍ॅलानीन चालतं. त्यामुळे ए२ साठी बनवलेली लस फक्त ए२४ असलेल्या रुग्णाला दिली तर ती बसणारच नाही. अहवालात नुसतं ‘ए२ पॉझिटिव्ह’ लिहिलं असेल तर तेवढ्यावर थांबू नका. ०२:०१, ०२:०३, ०२:०६, ०२:०७ हे सगळे ए२ च आहेत, पण त्यांच्या खाचा अगदी सारख्या नाहीत. प्रोटोकॉलला (चाचणीच्या लेखी आराखड्याला) गट पुरेसा आहे की नेमका उपप्रकार हवा, हे आधी वाचून ठेवा. वीस-तीस अमिनो आम्लांची लांब पेप्टाइडं डेंड्रिटिक पेशींनी (टी पेशींना पेप्टाइड दाखवणाऱ्या पेशी) आत घेऊन कापावी लागतात. त्यात वेळ जातो, पण त्यातून सीडी४ पेशींची (इतर टी पेशींना साथ देणाऱ्या) मदतही मिळू शकते.

टायपिंगचा, म्हणजे रुग्णाचा एचएलए प्रकार तपासल्याचा, अहवाल यायला दिवस लागतात, आणि या आजारात तेवढ्या दिवसांतही माणूस खालावतो. ईसीओजी (रोजची कामं किती झेपतात याची श्रेणी; आकडा वाढला की तब्येत खालावलेली) १ वर असलेला रुग्ण अहवाल हाती येईपर्यंत २ वर गेला, तर तो चाचणीतून बाद होतो. म्हणून आधीचा उपचार चालू असतानाच फक्त टायपिंगपुरतं वेगळं, छोटं संमतीपत्र घेण्याची सोय प्रोटोकॉलमध्ये आहे का ते पाहा. नसेल तर सुरुवातीच्याच बैठकीत मागा.

संमतीच्या वेळी ‘लस’ हा शब्दच घोळ करतो. लस म्हटलं की लोकांना देवी आणि पोलिओ आठवतात: टोचली की रोग टळला. इथे रोग आधीच पसरलेला आहे आणि लस उपचार म्हणून दिली जाते आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगा. “ही घेतली की केमो लागणार नाही ना?” हा प्रश्न येतोच. याला ‘बघू’ हे उत्तर नाही. प्रोटोकॉलमध्ये केमो केव्हा थांबते आणि केव्हा परत सुरू होते, ते सांगा. रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या ४४० रुग्णांचा आढावा छापला. त्यांतले बहुतेक मेलानोमाचे होते, आणि त्या काळच्या लशींनी गाठी ठरलेल्या निकषाइतक्या आक्रसण्याचं प्रमाण अवघं २.६ टक्के होतं. आजच्या लशी वेगळ्या आहेत, तरी आशा किती द्यायची याचं भान या आकड्याने येतं.

पात्रता तपासताना सर्वांत जास्त निसटतं ते स्टेरॉइड. बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनपेक्षा जास्त चालत नाही. कुणी भूक लागावी किंवा मेंदूची सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोनची ४ मिलिग्रॅमची गोळी लिहून देतं, आणि रुग्णाला ती ‘ताकदीची गोळी’ वाटते. ती एक गोळी साधारण २५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीची असते. ‘स्टेरॉइड घेता का’ असं विचारून उपयोग नाही. दर भेटीला सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणायला सांगा आणि स्वतः वाचा.

आता इमल्शन. काम हाताचं आहे, आणि ते शिकायला वेळ द्यावाच लागतो. गोठवून सुकवलेल्या पेप्टाइडची कुपी फ्रीझरमधून काढल्या काढल्या उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतली वाफ आत धरते. पेप्टाइडमध्ये सिस्टीन असेल तर ऑक्सिडेशन होऊन दोन रेणू एकमेकांना चिकटतात, म्हणून असं द्रावण उरवून ठेवायचं नाही. प्रयोगशाळेसाठी वेगळी पेप्टाइडं मागवली असतील तर भुकटीचं वजन आणि निव्वळ पेप्टाइडचं वजन एक धरू नका. भुकटीत पाणी आणि क्षारही असतात. प्रमाणपत्रावर निव्वळ प्रमाण दिलेलं असतं, हिशेब त्यावरून करा.

मॉन्टानाइड आयएसए ५१ (लशीचा परिणाम वाढवणारं तेलकट सहायक द्रव्य) वापरत असाल तर तेल आणि पेप्टाइडचं द्रावण साधारण समसमान घेतात. दोन लुअर-लॉक सिरिंज जोडणीच्या तुकड्याने समोरासमोर जोडायच्या, आतली हवा पूर्ण काढायची, आणि द्रव एकीतून दुसरीत ढकलत राहायचं. सुरुवातीचे फेरे सावकाश, मग जोरात. फेऱ्यांची संख्या औषधविभागाच्या पुस्तिकेत असते, ती मोजा, अंदाजाने थांबू नका. दट्ट्या जड जायला लागतो आणि मिश्रण दाट पांढरं होतं. मग थंड पाण्याच्या भांड्यात एक थेंब सोडा. थेंब अखंड राहिला तर पाणी तेलाच्या आत बंदिस्त झालं आहे. दुधासारखा पसरला तर इमल्शन जमलेलं नाही, परत फेरे मारा, आणि तरीही जमलं नाही तर टाकून द्या. न जमण्याची कारणं बहुधा हीच: हवेचा बुडबुडा, फेरे कमी, प्रमाण चुकलेलं, किंवा पेप्टाइड विरघळावं म्हणून घातलेलं डीएमएसओ (एक द्रावक) जास्त झालेलं. दाट इमल्शन जोडणीत आणि सिरिंजच्या टोकाशी अडकून राहतं, म्हणून डोसपेक्षा थोडं जास्त बनवावं लागतं. थेंबाच्या चाचणीचा निकाल आणि वेळ नोंदवहीत लिहा. वर्षभराने एखाद्या रुग्णात प्रतिसाद का दिसला नाही हे शोधताना तीच ओळ कामी येते.

टोचण्याआधी सुई बदला, म्हणजे बाहेरचं तेल त्वचेत जाणार नाही. फार बारीक सुईतून हे दाट मिश्रण नीट पुढे सरकत नाही. त्वचेखाली, सावकाश, आणि काढण्याआधी काही सेकंद थांबून. उथळ गेलं तर जखम होण्याची भीती असते. जागा दर वेळी बदला आणि शरीराच्या आकृतीवर खूण करा. काखेतल्या लसिका गाठी काढल्या असतील तर ती बाजू टाळा. टोचल्यानंतर निदान अर्धा तास रुग्ण नजरेसमोर हवा, आणि अ‍ॅड्रेनालीन हाताशी: प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. काही आठवड्यांनी टोचल्या जागी टणक गाठ येणं नेहमीचं आहे. ती पू समजून चिरायला कुणी निघू नये म्हणून रुग्णाला कार्ड द्या. हा तेलाचा साठा शरीरात दीर्घकाळ राहतो, आणि त्याची दुसरी बाजूही आहे. २०१३ मध्ये उंदरांवरच्या कामात दिसलं, की छोट्या पेप्टाइडच्या अशा साठ्यापाशीच टी पेशी गोळा होतात, थकतात आणि मरतात. गाठीपर्यंत जातच नाहीत. कुठलं सहायक द्रव्य निवडलं आणि का, हे मुख्य संशोधकाला विचारायला लाजू नका.

रक्ताचे नमुने हेपॅरिनच्या (रक्त साकळू न देणाऱ्या) नळीत, खोलीच्या तापमानाला, आणि शक्यतो ८ तासांच्या आत पेशी वेगळ्या केलेल्या. बर्फावर ठेवू नका, पेशींची प्रतही जाते आणि संख्याही. गोठवताना १० टक्के डीएमएसओ, मिनिटाला १ अंश या वेगाने, मग द्रव नायट्रोजनच्या टाकीत. उणे ८० वर आठवडेच्या आठवडे ठेवलेल्या पेशी एलिस्पॉटला (पेप्टाइडला प्रतिसाद देणाऱ्या टी पेशी ठिपक्यांच्या रूपात मोजणारी तपासणी) धड राहत नाहीत. या तपासणीत प्लेटच्या प्रत्येक खळग्यात साधारण २ लाख पेशी आणि तीन-तीन खळगे घेतात. एका रुग्णाचे वेगवेगळ्या वेळी घेतलेले सगळे नमुने एकाच दिवशी, एकाच प्लेटवर. पॉझिटिव्ह कंट्रोलला (जिथे ठिपके यायलाच हवेत असा खळगा) ठिपके आले नाहीत तर तो नमुना ‘प्रतिसाद नाही’ असा नोंदवायचा नसतो, ‘तपासता आला नाही’ असा नोंदवायचा असतो. या दोन रकान्यांची सरमिसळ झाली की मूळ प्रश्नाचं उत्तर कायमचं हरवतं. पेशी आठवडाभर पेप्टाइडबरोबर वाढवून मग मोजल्या असतील तर तसं स्पष्ट लिहा. तो आकडा थेट रक्तातल्या आकड्याशेजारी ठेवू नका.

मोठ्या चाचण्यांचे निकाल वाचताना रुग्ण कोण होते ते आधी पाहा. टेसेमोटाइड ही म्यूक१ या गाठीवरच्या प्रथिनावर बेतलेली लायपोपेप्टाइड (स्निग्ध रेणू जोडलेल्या पेप्टाइडची) लस. स्टार्ट चाचणीत ती शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या तिसऱ्या टप्प्यात, केमो आणि किरणोपचारानंतर दिली गेली. मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) २५.६ महिने, प्लासिबो गटात २२.३. फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरला नाही. ओएसई२१०१ या दुसऱ्या लशीत दहा पेप्टाइडं आहेत आणि ती ए२ असलेल्यांसाठीच आहे. इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्ती वाढवणारी औषधं) निकामी ठरलेल्या रुग्णांत अटलांटे-१ चाचणीने तिची केमोशी तुलना केली. कोविडमुळे भरती आधीच थांबवावी लागली. निदान १२ आठवडे इम्युनोथेरपी चालून मग आजार वाढलेल्या ११८ जणांत मध्यक आयुष्य ११.१ विरुद्ध ७.५ महिने निघालं. मात्र ही ११८ जणांची निवड मूळ आराखड्यात नव्हती, म्हणून नवी चाचणी घ्यावी लागली.

लशीचा प्रतिसाद उभा राहायला आठवडे लागतात. त्यामुळे पहिल्या स्कॅनला गाठ वाढलेली दिसली तर आयरेसिस्टनुसार (इम्युनोथेरपीत स्कॅनवरून गाठ मोजण्याचे निकष) ४ ते ८ आठवड्यांनी पुन्हा पाहण्याची मुभा असते. ही मुभा तब्येत टिकून असलेल्या रुग्णासाठी आहे. दम वाढतो आहे, वजन उतरतं आहे, तर ती खरीच वाढ समजा आणि पुढचा उपचार अडवू नका. फुप्फुसाच्या कर्करोगात खोटी वाढ (गाठ आधी वाढल्यासारखी दिसून मग आक्रसणं) क्वचितच दिसते.

आणि वाढ पक्की झाली तर पुढची केमो सुरू होण्याआधी बायोप्सी मिळवा, अर्थात रुग्णाला झेपत असेल तरच. हीच पायरी सर्वांत जास्त वेळा राहून जाते. २०१७ मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या गाठींचा जनुकीय अभ्यास झाला, तेव्हा सुमारे ४० टक्के गाठींनी एचएलएची एक प्रत (आई किंवा वडिलांकडून आलेली) टाकून दिलेली आढळली. रुग्णाच्या रक्तात ए२ आहे, पण गाठीत तो उरलाच नसेल, तर उत्तम टी पेशीही तिथे आंधळ्याच. या बायोप्सीची परवानगी पहिल्याच संमतीपत्रात घ्या, ऐनवेळी मागितली तर ते कुणालाच शोभत नाही. एक तुकडा फॉर्मालिनमध्ये, दुसरा जमला तर लगेच गोठवलेला, आणि लेबलवर तारखेबरोबर शेवटच्या डोसला किती दिवस झाले तेही लिहा.