बाजेवर काका झोपवा आणि मांतेन्याचा येशू काढा

झोपलेला माणूस पायाकडून काढायला घेतला की भल्याभल्यांची दांडी गुल होते, माझ्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या पेपरात तर माणूस कमी आणि कापसाचं पोतं जास्त दिसत होतं. नीट शिकायचं असेल तर इटलीचा जुना चित्रकार आंद्रेआ मांतेन्या याचं मृत येशूचं चित्र मोबाईलवर उघडा. १४८० च्या आसपासचं धरतात, मिलानच्या ब्रेरा गॅलरीत आहे, कॅनव्हासवर टेम्परा, म्हणजे तेलाऐवजी चिकट द्रवात कालवलेले रंग. मोठं वाटतं पण ६८ बाय ८१ सेंटीमीटरच आहे, आणि ८१ ही रुंदी बरं का! म्हणजे अख्खा माणूस आडव्या कागदात बसवलाय. म्हणून पहिले कागद आडवा करा.

आता मॉडेल. मे महिन्यात भुसावळला दुपारी बाहेर कोण निघतं, जेवण करून काका बाजेवर आडवे झाले की पायाकडून बसा. पण चिकटून बसू नका, जवळून पाय केळीच्या घडाएवढे आणि डोकं लिंबाएवढं दिसतं, चांगलं दहा-बारा फूट मागे सरका, फोटो काढायचा तरी मागून झूम करूनच. एक डोळा मिटा, हात ताठ करून पेन्सिलवर तळव्याची उंची धरा आणि मग तेवढ्याच मापात तळव्यापासून हनुवटीपर्यंत किती बसतं ते मोजा. डोकं म्हणेल एवढं कमी असूच शकत नाही, डोक्याचं ऐकू नका, पेन्सिलीचं ऐका.

मांतेन्यानं इथं चलाखी केलीय. पाय पुढे असूनही लहान ठेवलेत आणि डोकं मोठं, मला वाटतं नाहीतर चेहरा पायांमागेच गेला असता. तुम्ही पण पाय थोडे बारीक करा, बिनधास्त. अजिंठ्याच्या २६ नंबर लेण्यात महापरिनिर्वाणाचा बुद्ध बाजूनं लांबलचक दिसतो म्हणून ही भानगडच नाही.

चेहऱ्यात आधी हनुवटी, मग नाकपुड्या, कपाळ अगदी थोडं. डावीकडे रडणारी येशूची आई मरिया आणि शिष्य योहान यांना सध्या सोडा, चादरीच्या घड्या मात्र सोडू नका, मांड्यांचा उतार त्याच दाखवतात.

शेवटी तळवे. येशूच्या तळव्यांवर खिळ्यांची भोकं आहेत, कोरडी, कातडी कडेनं उचकटलेली, रक्त वाहत नाही, तिथं लाल रंग ओतू नका. काकांच्या टाचेला भेगा होत्या, मी त्याच काढल्या. उठल्यावर चित्र बघून म्हणे, "मना पाय इतला फाटेल शेतस का रे?"